सांदेकाची खुर्ची

शीळफाट्याला एक ट्रेलर रस्त्यात आडवा झाला होता आणि त्याच्या मागे कुठंतरी, बिनूभाऊजींच्या गाडीत, मोहेल अडकून बसला होता.

"दहा मिनिटांत सुटतोय म्हणाले काका," इलाननं फोन ठेवत सांगितलं.

शिबानं नुसती मान हलवली. धाकट्या दिराची दहा मिनिटं ती किहीमकरांच्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून ओळखून होती. लेकाच्या, इलानच्या, साखरपुड्याला असेच दहा मिनिटांत येणारे भाऊजी पंगती उठल्यावर उगवले होते. पण तेव्हा खोळंबा झाला तो पुरणपोळ्यांचा. आज नातवाची सुन्नत होती, आणि ती करणारा मोहेलच भाऊजी ठाण्याहून घेऊन यायचे होते.

खरं तर बेने इस्रायली रीतीप्रमाणे ती आठव्या दिवशीच व्हायची. पण बाळाला कावीळ निघाली आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. आता रंग उतरला, वजन भरलं, आणि आजची सकाळ ठरली. किहीमकरांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ठाण्याची मंडळी, पनवेलहून आलेलं सुनेचं, शारोनचं, माहेर, शेजारपाजार. हॉलच्या मधोमध दोन खुर्च्या मांडलेल्या. रेशमी कापड घातलेली एलियाहू हन्नाबीची, त्या संदेष्ट्यासाठी राखलेली, तिच्यात कुणी बसत नाही. शेजारची सांदेकाची. बाळाला ज्याच्या मांडीवर ठेवून मोहेल सुन्नत करतो तो सांदेक, आणि पहिल्या नातवाला मांडी आजोबांची, हे किहीमकरांच्या घरात कुणी कुणाला विचारत बसत नसे. इलान झाला तेव्हा सासऱ्यांनी त्याला असाच धरला होता.

म्हणूनच शिबाचं सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. तिच्या नवऱ्याचा, इझिकेलचा, उजवा हात थरथरायचा. दोन वर्षं होत आली होती. कंपवात, असं कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे जगात चौघांनाच ठाऊक होतं: इझिकेलना, तिला, दगडूभाऊंना आणि त्यांच्या बायकोला, रंभाला. दगडूभाऊ म्हणजे समोरच्या दारातले. रेल्वेच्या शेडमध्ये इझिकेल फिटर आणि दगडू त्यांच्या जोडीला, असे दोघे एका पाळीत लागले, एकाच चाळीत राहिले आणि चाळ पडली तेव्हा नव्या इमारतीतही समोरासमोर खोल्या घेऊन बसले. डॉक्टरकडे तेच घेऊन जायचे. मुलाच्या नजरेला पडू नयेत म्हणून गोळ्यासुद्धा दगडूभाऊंच्या कपाटात ठेवलेल्या.

सकाळी आवरताना इझिकेलनी हिशेब करून गोळी घेतली होती. गोळी लागू पडली की तीनेक तास हात निजल्यासारखा राहायचा. मोहेल वेळेवर आला असता तर सगळं कसं सुखरूप पार पडलं असतं. पण ट्रेलरला कुठं कुणाच्या गोळीचं पडलंय. जादा गोळी घ्यायची सोय नव्हती, घेतली की भोवळ यायची आणि अंग झोकांड्या खायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शिबा स्वयंपाकघरात मलिद्याच्या ताटात पोहे कालवत होती. गूळ, खोबरं, वेलची सगळं घालून झालं तरी तिचा हात चालूच होता.

"अगं ताई, पोह्यांचं पीठ करशील," दगडूभाऊंची रंभा म्हणाली. ती ओट्यापाशी मनुकांचं शरबत गाळत होती. या घरातल्या सणावारांना ती शिबाइतकीच राबायची, आणि कुठल्या पातेल्यात मटण शिजतं आणि कुठल्यात दूध तापतं याची शिस्त शिबापेक्षा कडक पाळायची. मघाशीच तिनं ठाण्याच्या एका पाहुणीला चहाचं भांडं चुकीच्या शेगडीवर ठेवल्याबद्दल झापलं होतं, आणि ती पाहुणी हिचं आडनाव काय याचा अंदाज बांधत हॉलमध्ये निघून गेली होती.

"रंभा, वाजले किती?"

"नको बघू घड्याळात. बघून काय ट्रेलर हलणारे?"

तेवढ्यात दगडूभाऊ दारात आले. आज त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. हॉलकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"वहिनी, चालू झालंय. अंगठा हलायला लागला त्याचा."

शिबानं हात धुतले. "कुठंयत?"

"आतल्या खोलीत. टॉवेलची वळकटी मांडीवर घेऊन बसलाय, प्रॅक्टिस करतोय. मी त्याला बोललो, आता पुरे झालं, इलानला बाजूला घे आणि सांग. दुसऱ्याला बसू दे. ऐकतो कुठं."

शिबा त्यांच्या मागोमाग गेली. खोलीत पलंगाच्या कडेला इझिकेल बसले होते. डोक्यावर टोपी, अंगावर इलानच्या लग्नातला कोट. मांडीवर उशी, उशीवर टॉवेल. डावा हात टॉवेलवर घट्ट होता. उजवा मात्र आपल्याच तंद्रीत, अंगठ्यानं तंबाखू मळावी तसा हलत होता.

"दार लाव," ते म्हणाले.

"अहो, मी काय म्हणते..."

"काही म्हणू नकोस. मोहेल आला की पाच मिनिटांचं काम. तेवढं मी धरीन."

"आणि नाही धरलं तर?" दगडूभाऊ म्हणाले. "इझिकेल, लेकराच्या अंगाला पातं लागणारे. त्यानं हिसडा दिला आणि तुझा हात..."

"शेडमध्ये इंजिनाखाली पडून कामं केलीत मी या हातानं."

"मला सांगतोस? बाजूला कोण पडलेला? तो हात वेगळा होता रे. आता नाही तो."

इझिकेलनी टॉवेल बाजूला फेकला. शिबाला त्यांच्या डोळ्यांत राग दिसला आणि रागाच्या मागे भीती. तिला सगळं कळत होतं. बिनूभाऊजी ठाण्याच्या सिनेगॉगच्या कमिटीवर. ठाण्यातली निम्मी पोरं त्यांच्या मांडीवरून गेलेली. थोरल्या भावाला मात्र तो मान एकदाही मिळाला नव्हता. दोन्ही लेकींना मुलीच झाल्या. इलानला लग्नानंतर मूल होईना, दवाखाने झाले, नवस झाले. आणि आता कुठं नातू आला, तर हातानं दगा दिला. पुढच्या नातवापर्यंत आपण खुर्चीत बसण्याजोगे तरी राहू का, हे इझिकेल रात्री पडल्या पडल्या विचारायचे. शिबा झोपेचं सोंग घ्यायची.

"दगडू," इझिकेल म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम परक्यासारखा झाला, "हे आमच्यातलं आहे. सांदेक म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं. तू यात पडू नकोस."

दगडूभाऊंनी टॉवेल उचलला, घडी घातली, पलंगावर ठेवला आणि ते बाहेर गेले. इझिकेलच्या वडिलांना खांदा देणारा माणूस, इलानला पहिल्यांदा शाळेत सायकलवरून सोडणारा माणूस. इतक्या वर्षांत 'आमच्यातलं' आणि 'तुमच्यातलं' अशी वाटणी दोन्ही घरांत कुणी केली नव्हती. शिबाला नवऱ्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त कीव आली.

"असं बोलतात का?" ती म्हणाली.

"तू पण जा," इझिकेल म्हणाले.

बाहेर आली तर पॅसेजमध्ये रंभा उभी. तिनं सगळं ऐकलं होतं, तिच्या पदराच्या टोकाला तसा पीळ पडला होता.

"रंभा, त्यांच्या मनात तसं नाही गं."

"मनात काय ते मनालाच ठाऊक. तोंडात आलं ते ऐकलं," रंभा म्हणाली. "जाऊ दे. शरबत झाकून ठेवलंय. शारोनला बघते, पोर एकटीच आहे."

पण शारोनलाच सासू हवी होती. ती बाळाला पाजून बसली होती, चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा. शिबा आत येताच तिनं विचारलं, "आई, एक विचारू? पप्पांच्या हाताला काय झालंय?"

शिबानं बाळाचं दुपटं सारखं केलं. "का गं?"

"परवा बाळाला घेतलेलं ना त्यांनी. लगेच परत दिलं. आणि काल फोनवर त्यांना नंबर लावता येत नव्हता, सारखं चुकत होते. इलानला बोलले तर म्हणतो, वय झालंय. आई, प्लीज खरं सांगा. माझं पोर आहे हो."

आता बोलायची वेळ होती. रंभा दाराशी उभी राहून शिबाकडेच बघत होती. आणि शिबा म्हणाली, "दगदग झाली की होतं तसं. तू नको काळजी करू."

शारोननं विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचा प्रयत्न केला, कारण सासू आजवर तिच्याशी खोटं बोलली नव्हती. रंभानं मात्र नजर वळवली. शिबाला वाटलं, नवऱ्यानं मघाशी दगडूभाऊंना तोडलं, आपण आता या पोरीला तोडतोय, आणि हे सगळं एका अंगठ्यापायी.

बेल वाजली. बिनूभाऊजी आले ते ट्रेलरवाल्याला, वाहतूक पोलिसाला आणि एकूण कल्याण तालुक्याला नावं ठेवतच. त्यांच्या मागे मोहेल, पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा गृहस्थ. त्यानं दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या मेझुझाच्या पवित्र डबीला बोटं लावून ओठांना लावली आणि पहिली गोष्ट कुठली विचारली, तर हात कुठं धुवायचे.

"शालोम, शालोम. दादा कुठाय?" बिनूभाऊजींनी हॉलभर नजर टाकली. इझिकेल खोलीतून बाहेर आले. उजवा हात कोटाच्या खिशात होता. भावाला मिठी मारली तीही डाव्या हातानं. बिनूभाऊजींची नजर त्या खिशावर गेली आणि तिथंच राहिली. हा माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा असला, तरी आंधळा नव्हता.

"दादा, बरं आहे ना? नाहीतर मी बसतो. मला काय, सवय आहे."

"तुला सवय आहे, माहितीये सगळ्यांना," इझिकेल म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले.

मंडळी उभी राहिली. पुरुष पुढे, बायका पॅसेजच्या तोंडाशी. मोहेलनं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर त्याची हत्यारं आणि कापूस मांडला. इझिकेलच्या मांडीवर उशी ठेवली गेली. बाळाला आतून आणायचं काम आजीचं. शारोननं बाळाच्या कपाळावर ओठ टेकवले आणि ते शिबाच्या हातात दिलं. मग तिनं रंभाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. रंभानं तिला धरलं. मघाचं सगळं पोटात घालून तिनं त्या पोरीला धरलं, हे शिबानं पाहिलं.

शिबा हॉलच्या उंबऱ्याशी आली. "बारूख हब्बा," सगळे एका आवाजात म्हणाले. येणाऱ्याचं स्वागत असो. आता तीन पावलं चालायचं आणि बाळ पुढं करायचं, एवढंच उरलं होतं.

तिनं खुर्चीकडे पाहिलं. इझिकेलनी दोन्ही हात उशीखाली सरकवले होते, लपवायला. पण उशीच हलत होती. पांढऱ्या अभ्र्याची झालर सबंध थरथरत होती.

शिबा थांबली.

"आण ना गं," इझिकेल म्हणाले. ते हुकूम देत नव्हते, विनवत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. तिला वाटलं, द्यावं. देव बघून घेईल. मग बाळानं झोपेत जांभई दिली, आणि तिला कळलं की आपण देणार नाही.

"नाही," शिबा म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली. "नाही देत मी. यांचे हात कापतात. कंपवात आहे. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. शारोननं विचारलं तेव्हाही मी खोटं बोलले."

कुणाच्या तरी हातातली वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. इलान बापाकडे बघत राहिला. "पप्पा?" एवढंच तो म्हणाला. इझिकेल कुणाकडेच बघत नव्हते. टोपीखालचं कपाळ लाल झालं होतं. शिबाला वाटलं, संपलं, आता हा माणूस जन्मात आपल्याशी बोलायचा नाही.

बिनूभाऊजी पुढे झाले. त्यांच्या बोलण्यात ना टोमणा होता ना आनंद, आणि शिबानं मनातल्या मनात त्याबद्दल त्यांचे आभार मानले. "दादा, ऊठ. मी बसतो. उगाच जिवाला घोर कशाला?"

इझिकेल खुर्चीच्या दांड्यावर भार देऊन उठू लागले. तेव्हा मोहेल म्हणाला, "बसा हो जरा." तो जवळ आला, इझिकेलच्या दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून थोडा वेळ नुसता उभा राहिला, आणि मग म्हणाला, "मांडी हलत नाहीये. मला मांडी पाहिजे. बाळाचे पाय धरायला दुसरा कुणी तरी लागेल, हात घट्ट असलेला. चालेल की."

"मग मी धरतो," बिनूभाऊजी म्हणाले.

"थांब बिनू." इझिकेलनी पहिल्यांदा मान वर केली. "दगडू कुठाय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. दगडूभाऊ बाल्कनीत होते, काचेच्या दारापलीकडे, पाठ करून. कुणी हाक मारायच्या आत इझिकेल उठले. खिशात हात न घालता चालत गेले. उजवा हात सगळ्यांच्या देखत हलत होता, आणि लोक वाट देत बाजूला सरत होते. त्यांनी दार सरकवलं.

"दगडू, आत चल. बाळाचे पाय धरायचेत."

दगडूभाऊ वळले नाहीत. "मी कसा येऊ? ते तुमच्यातलं आहे ना. मला काय कळतंय त्यातलं."

"मी नालायकासारखं बोललो. माझ्या घरात, माझ्या नातवाच्या दिवशी. मला माफ कर."

शिबानं नवऱ्याला माफी मागताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही वीसेक माणसांसमोर. दगडूभाऊ हळूच वळले. त्यांचे डोळे लाल होते. "मला नाही जमायचं रे," ते म्हणाले. "पातं बघून मीच पडेन."

"पात्याकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघ. मी पण तुझ्याकडेच बघणारे."

"दादा," बिनूभाऊजी दबकत म्हणाले, "इथं आपली इतकी माणसं असताना... लोक काय म्हणतील? ठाण्यात कळलं तर?"

इझिकेलच्या आधी मोहेलनंच उत्तर दिलं. "बिन्यामिनभाई, आशीर्वादाची बराखा मी म्हणणार, बाप म्हणणार. सांदेक हे बसलेत. त्या भाऊंनी फक्त पोराचे पाय धरायचेत. ठाण्यात विचारलं कुणी तर माझं नाव सांगा." आणि दगडूभाऊंकडे वळून म्हणाला, "साबणानं धुवा हात. कोपरापर्यंत."

मग बिनूभाऊजींना काय वाटलं कोण जाणे, स्वतः बेसिनपाशी जाऊन त्यांनी नळ सोडला आणि दगडूभाऊंच्या हातांवर साबण ठेवला.

शिबा आत शारोनकडे गेली. "तू सांग," ती म्हणाली. "पोर तुझं आहे. नाही म्हणालीस तर नाही." शारोननं डोळे पुसले, रंभाकडे पाहिलं. रंभा म्हणाली, "त्यांनी धरलेलं कधी सुटलं नाही बाई. माझं डोकं खायला धरलंय तेसुद्धा अजून सोडलेलं नाही." शारोन रडता रडता हसली आणि मान हलवली. मग शिबानं ती तीन पावलं टाकली.

पुढचं तिनं तुकड्यातुकड्यांनी पाहिलं. बाळ आधी एलियाहू हन्नाबीच्या खुर्चीत, मग इझिकेलच्या मांडीवर. खुर्चीसमोर गुडघे टेकून बसलेले दगडूभाऊ, दोन्ही मुठींत चिमुकले पाय, मान वर, नजर इझिकेलच्या चेहऱ्यावर रोवलेली. इझिकेलचे दोन्ही हात मागे, खुर्चीच्या पाठीशी, बिनूभाऊजींनी घट्ट धरून ठेवलेले. इलानचा चिरकलेला आवाज, हिब्रू शब्दांवर अडखळणारा. मग बाळाचं ते रडणं. आतून शारोनचा हुंदका आला. दगडूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला, पण मुठी तसूभर हलल्या नाहीत.

"झालं," मोहेल म्हणाला. "छान धरलंत."

शिबाच्या जिवात जीव आला. "सिमान टोव," कुणीतरी शुभेच्छा दिली आणि सगळा हॉल एकदम बोलायला लागला. मोहेलनं शरबताचा चांदीचा पेला हातात घेतला, बराखा म्हटली, बाळाचं नाव पुकारलं: आशेर, इलानचा मुलगा. बोट बुडवून बाळाच्या ओठांना लावलं आणि ते रडायचं थांबलं. मग त्यानं पेला रीतीप्रमाणे सांदेकापुढे धरला.

पेला काठोकाठ भरलेला होता. दगडूभाऊ अजून खालीच बसले होते, उठायचं बळ नसल्यासारखे. बिनूभाऊजी पुढे वाकून हळूच म्हणाले, "मी धरतो दादा, कुणाला कळणार नाही."

"सगळ्यांना कळलंय बिनू," इझिकेल मोठ्यानं म्हणाले. "आता काय लपवायचं. शिबा, इकडे ये. माझ्याच्यानं पेला धरवत नाही. तू पाज मला."

शिबा गेली. मोहेलच्या हातून तिनं पेला घेतला. तिनं पेला इझिकेलच्या ओठांना लावला. थोडं शरबत हनुवटीवरून ओघळून कोटावर सांडलं. इझिकेलनी एक घोट घेतला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं, "आधी का नाही सांगितलंस सगळ्यांना?"

"तुम्ही सांगू दिलं असतंत?"

"नाही," ते म्हणाले, आणि उरलेलं शरबत तिच्या हातून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.